डावा कान आणि चार पेडलं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बेस गिटार वाजवणारा माणूस शांत असतो, असं लोकांना उगीच वाटतं. तो स्टेजवर मागं उभा असतो, नाचत नाही, बोलत नाही, म्हणून. मी मागं उभा राहून आतल्या आत धुमसत असतो, एवढाच फरक.

आमचा ऑर्केस्ट्रा जालन्याचा. लग्न, हळद, गणपती, जयंती, कुणी सरपंच निवडून आला तर त्याचा सत्कार, जिथं बोलावतील तिथं आम्ही टेम्पो घेऊन हजर. दिवसा मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो आणि बाकीच्या वेळात बेसवाला. पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत प्रत्येक गावात कुणीतरी जवळ येऊन विचारलंय, "भाऊ, दोन तारा तुटल्या का हिच्या?" चारच असतात म्हणून सांगितलं, तर माणूस असा बघतो, जणू दुकानदारानं मला फसवलंय आणि मला अजून कळलेलं नाही.

बेसचं एक दुखणं असतं. तो वाजत असला तर कुणाच्या ध्यानात येत नाही आणि बंद पडला तर सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. त्यामुळं आपला आवाज आपल्यालाच सांभाळावा लागतो. आणि मागच्या लग्नसराईत मला माझाच बेस ऐकू येईना.

साहजिकच मी साउंडवाल्याला धरलं. आमचा साउंडवाला तिशीतला, अंबडकडचा, अंगानं पाप्याचं पितर, पण मिक्सरवर हात असा चालतो की बघत राहावं. मी स्टेजवरून ओरडायचो, "अरे, माझा बेस कुठंय? कुणी चोरून नेला का?"

"देऊन राह्यलो ना भाऊ," तो म्हणायचा.

"काय देऊन राह्यला? मला काही येईना. अजून दे."

तो मान डोलवायचा, माझ्या पायापाशी ठेवलेल्या स्पीकरमध्ये, ज्याला आम्ही मॉनिटर म्हणतो, त्यात आवाज वाढवायचा. दोन गाणी बरी जायची. तिसऱ्या गाण्याला परत तेच. मी त्याला काय काय बोललो असेन, ते आता आठवलं तरी मान खाली जाते. याला कान नाहीत, असंसुद्धा एकदा सगळ्यांसमोर बोललो.

मग मी ठरवलं, की या माणसाच्या भरवशावर राहायचं नाही. आपला आवाज आपणच घडवून द्यायचा. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी गिटार पाठीला लावून बसनं संभाजीनगर गाठायचं, तिथल्या वाद्यांच्या दुकानात चार-चार तास बसायचं, गिटारचा आवाज बदलणारं एकेक पेडल पायानं दाबून बघायचं आणि आवडलं की उचलायचं, असं सुरू झालं.

पहिलं घेतलं कंप्रेसर. मोठा आवाज दाबायचा आणि बारका उचलून धरायचा, हे त्याचं काम. आमच्या घरी हे काम आई करायची. थोरल्याला गप्प बसव, धाकट्याला बोल म्हण. ते पेडल मला लगेच पटलं. दुसरं इक्वलायझर, दहा बारक्या पट्ट्यांचं, आवाजातला कुठला भाग किती ठेवायचा ते ठरवणारं. त्यात मी खालच्या सुरांच्या सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या. तिसरं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाजाला घोगरेपणा आणणारं. आणि चौथं ऑक्टेव्ह. आपण जो सूर वाजवू, त्याच्याखाली आणखी एक सप्तक खोल सूर ते स्वतःच वाजवतं. दुकानदार बिचारा म्हणाला, "साहेब, बेसला हे जरा बेतानं लावा. बेस आधीच खाली आहे, तुम्ही विहिरीत अजून विहीर खोदताय."

"तुम्ही विका," मी म्हणालो, "वाजवायचं मी बघतो."

शेवटी एक मोठा अ‍ॅम्पही आणला, उचलायला दोन माणसं लागणारा. साउंडवाल्यानं आवाज दिला नाही तरी माझा स्वतःचा स्पीकर माझ्या शेजारी हवा, हा त्यामागचा विचार. आणि चारही पेडलं बसवायला फळी पाहिजे म्हणून घरातला सागवानी पाट घेतला. त्याला खाली रबर मारलं, वर चिकटपट्टीनं पेडलं बसवली, वायरी जोडल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाहुण्यायला बसायला पाट न्हाई, अन् तुमच्या डब्यायला आहे." तिचं बोलणं मी नेहमीप्रमाणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एवढं सगळं सामान निवडताना कानाचं काय, तर कानासाठी कापूस. त्यात निवडण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं. स्टेजवर माझ्या डाव्या हाताला ड्रम, त्याच्या मोठ्या झांजा कानापाशी, आणि खाली साउंडवाल्याचे बेसचे डबे, म्हणजे मोठे स्पीकर. म्हणून डाव्या कानात बोळा घालायचा, उजवा गायकासाठी मोकळा ठेवायचा, त्याचा स्पीकर त्याच अंगाला. गावाकडं भावाच्या घरात पुढच्या खोलीत कापूस छताला टेकलेला असतो. येताना त्यातला मूठभर पिशवीत टाकायचा, सरकी काढायची, बोटानं वळायचा की झालं काम. आमच्यातल्या ड्रमवाल्यानं एकदा रबरी बुचं मागवली होती, खास वादकांची. मी त्याला म्हणालो, "कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून कानात रबर घालतो? लाज वाटू दे."

तर असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही टेंभुर्णीला एका लग्नाला गेलो. घरासमोर मांडव, मांडवाच्या एका कडेला आमचं स्टेज, आणि जागा कमी म्हणून स्टेजला लागूनच रुखवताचं टेबल. मुलीकडच्या बायकांनी महिनाभर राबून मांडलेलं ते रुखवत. सुपारीचे नवरा-नवरी, शेवयांची झोपडी, चुरमुऱ्याच्या लाडवांचा मनोरा, रंगीत डाळींनी भरलेला मोर. माझा नवा अ‍ॅम्प त्या टेबलापासून दोन हातांवर.

अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले आणि आम्ही सुरू झालो. मला काही येईना. मी कंप्रेसर दाबलं, घोगरं दाबलं. तरी समाधान होईना. मग ऑक्टेव्ह दाबलं आणि अ‍ॅम्पचं बटण फिरवलं. आता कुठं पायाखाली बरं वाटायला लागलं. मी डोळे मिटले आणि मजेत वाजवत राहिलो.

माझ्या डाव्या बाजूला नवरीची मावशी येऊन उभी राहिली होती. ती ओरडत होती. बाकीचे सांगतात की ती चांगली कडवं संपेपर्यंत ओरडत होती. "बंद करा ते! अहो गिटारवाले! बंद करा, सगळं खाली पडून राह्यलं!" मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी डोळे उघडले, ती दिसली, आणि मला वाटलं की बाईला गाणं आवडलंय. मी हसून मान हलवली आणि अजून जोर लावला. तेव्हा लाडवांचा मनोरा गेला. सुपारीची नवरी आधीच पडली होती, नवरा एकटाच टेबलाच्या कडेला थरथरत उभा होता. मोराच्या डाळी घरंगळून सगळ्या एका कोपऱ्यात जमल्या होत्या. साउंडवाल्यानं धावत येऊन अ‍ॅम्पची वायर ओढली, तेव्हा मला मावशीचा आवाज आला. अख्ख्या मांडवाला आधीच आला होता.

आमचे मालक, म्हणजे ऑर्केस्ट्रा ज्यांचा ते आणि मुख्य गायकही तेच, त्यांनी हात जोडून माफी मागितली. सगळ्यांनी बसून लाडू रचले. परतीच्या टेम्पोत मालक शांतपणे म्हणाले, "भाऊ, पुढचा प्रोग्राम कुंभार पिंपळगावला आहे. तिथं बघू. न्हाईतर मंग कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस धरंल. बऱ्याच पार्ट्या आता असंच करून राह्यल्यात."

मालक चिडले असते तर मी दुप्पट चिडलो असतो. ते शांत होते, म्हणून मी घाबरलो. पंधरा वर्षांत मला दुसरं काही जमलेलं नाही. काउंटरवरचं काम मी करतो, पण ते कुणीही करील. बेस गेला तर माझ्याकडं माझं असं काय राहील, हे मला टेम्पोत बसल्या बसल्या सुचेना.

घरी येऊन ठरवलं, की सगळा आवाज नीट, शांतपणे हेडफोनवर बसवायचा. नवा हेडफोन मागवला. कानाला लावला तर त्याची डावी बाजू जवळजवळ मुकी. झालं, माझं डोकं फिरलं. विकणाऱ्यांना शिव्या घालत बदलून मागवला. दुसऱ्याचीही डावी बाजू मुकी. आता मात्र कहर झाला म्हणून फोनवर बोलायला घेतलं आणि हाताला चाळा म्हणून हेडफोन उलटा घातला, डावा उजव्याला आणि उजवा डाव्याला.

डावी बाजू उजव्या कानात खणखणीत वाजली. मुकेपणा हेडफोनमध्ये नव्हता.

मी फोन तसाच बाजूला ठेवला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. आठ-दहा दिवस मी कुणाला काही बोललो नाही. घड्याळ डाव्या कानाला लावून बघायचो, बोटं चोळून बघायचो. एखाद्या दिवशी किंचित काहीतरी आल्यासारखं वाटायचं आणि मी लगेच खूश व्हायचो, दुसऱ्या दिवशी काही नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून वादकांचे कान जातात, हे मला माहीत होतं. गेलेला कान परत येत नाही, हेही माहीत होतं. दवाखान्यात गेलं की ते पक्कं होणार, म्हणून जायचं नाही. असा माझा हिशेब.

शेवटी बायकोनंच विषय काढला. जेवता जेवता म्हणाली, "डाव्या कानानं येत न्हाई ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चार महिने झाले, मी अन् पोरगी तुमच्या उजव्या अंगाला बसून राह्यलो. तुम्हाला कळलं तरी का?"

मी बघितलं. खरंच दोघी उजवीकडं होत्या. पूर्वी पोरगी डावीकडं बसायची, भिंतीला टेकून. बायको म्हणाली, "आणखी एक सांगू का? तुम्ही हल्ली लई हळू बोलता. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. मंग ध्यानात आलं की काहीतरी बिघडलंय." त्याही परिस्थितीत मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ती मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे, रिक्षात बसवून अक्षरशः नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्क, गप्पिष्ट. मी त्यांना सगळं सांगितलं. बेस, डबे, झांजा, पंधरा वर्षं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलाच्या ड्रॉवरमधून एक लोखंडी दुपाखी काटा काढला. आम्ही वाद्य लावायला वापरतो तसलाच, ट्यूनिंग फोर्क. तो कोपरावर आपटून त्यांनी दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"कुठल्या कानात येतंय?"

सूर डाव्या कानात येत होता. ज्या कानात चार महिने काही नव्हतं, त्यात तो स्वच्छ, गोल, भरून येत होता.

"डाव्या," मी म्हणालो. "पेटीवरचा पांढरी एकचा सा आहे बाई. पण जरा उतरलेला आहे."

त्या खळखळून हसल्या. "उतरलेलाच असतो आमचा. तुमचा कान शाबूत आहे हो. नस गेली असती तर हा सूर चांगल्या कानात गेला असता. ज्या कानाची फक्त वाट बंद असते, त्याच कानात तो जास्त येतो. आणि मला तर तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच शंका आली होती. नस गेलेला माणूस मोठ्यानं बोलतो. तुम्ही आल्यापासून कुजबुजताय. कानात काय घालता?"

"कापूस," मी म्हणालो.

"दुकानातला?"

"न्हाई. घरचा."

त्यांनी काही थेंब टाकले, कपाळाला दिवा लावला आणि बारीक चिमटा आत घातला. पहिला बोळा निघाला, काळा-तपकिरी, दडपून दडपून दगड झालेला. मला वाटलं संपलं. त्यांनी परत चिमटा घातला. दुसरा. मग तिसरा, त्यात वाळक्या पानाचा चुराही होता. प्रोग्राम संपल्यावर मी घाईत बोटानं अर्धाच बोळा काढत होतो आणि पुढच्या वेळी त्याच्यावर नवा ठासत होतो. बाईंनी तिन्ही बोळे ट्रेमध्ये ओळीनं ठेवले आणि म्हणाल्या, "किती एकर लावला होता आत?"

बायको इतकी हसली, की तिला पदर तोंडात धरावा लागला. मला मात्र पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी चप्पल फरफटत चाललं होतं. रस्त्यावर एक रिक्षा उलटी घेताना पी पी करत होती, आणि ती डावीकडं होती. आवाज डावीकडून येतोय, एवढं कळणंसुद्धा केवढं सुख असतं, ते मला त्या खुर्चीत कळलं. मी तिथंच रडलो. चारचौघांत, हुंदके देऊन. लाज वाटली नाही. बाईंनी पाणी दिलं आणि दम भरला, "आता रबरी बुचं घ्यायची, आणि दोन्ही कानांत. हा कान वाचला तो केवळ नशिबानं, किंवा तुमच्या कापसानं म्हणा."

घरी आल्या आल्या मी पाट पुढं ओढला, गिटार लावली, चारही पेडलं जशी होती तशी चालू केली आणि एक तार छेडली. देवा! तो आवाज होता का तो? चिखलात रुतलेली म्हैस कण्हावी तसं काहीतरी निघालं. पोरगी कान झाकून म्हणाली, "हेच तर वाजवता तुम्ही रोज." म्हणजे इतके दिवस मी गावोगावी हे ऐकवत होतो. दुपारभर बसून सगळं परत लावलं. कंप्रेसर ठेवलं, ते चांगलंच आहे, त्याबद्दल मी मागं हटणार नाही. इक्वलायझरच्या खालच्या पट्ट्या खाली आणल्या. घोगरं फक्त दोन गाण्यांपुरतं. ऑक्टेव्ह पाटावरून काढलं आणि अ‍ॅम्प घरीच ठेवला. ड्रमवाल्याला फोन करून त्यानं ती बुचं कुठून मागवली, ते विचारलं. तो नुसता हसत राहिला. मी ते ऐकून घेतलं.

कुंभार पिंपळगावला आम्ही दुपारीच पोचलो. बाकीचे चहाला गेले, साउंडवाला एकटा वायरी जोडत होता. मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळं आधी हवापाण्याचं बोललो. मग कापसाचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "गड्या, तुला नको ते बोललो. चूक माझी होती."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे कान गेला न्हाई तुमचा?"

"न्हाई."

"बिलकुल?"

"अरे बिलकुल न्हाई."

तो खालीच बसला. "भाऊ, मला वाटलं गेला. माझे वडील ताशा वाजवायचे. ते बी असंच अजून दे, अजून दे करायचे, अन् तुमच्यासारखीच मान वळवून एकच कान पुढं करून ऐकायचे. शेवटी शेवटी त्यायला काहीच येईना, अन् मंग कुणी बोलावणं बी पाठवलं न्हाई. तुम्ही तशी मान वळवायला लागले तवा मला सगळं ध्यानात आलं. म्हणून तुमच्या मॉनिटरमध्ये भरपूर द्यायचो, अन् आवाज बिघडलेला कुणाला कळू नये म्हणून लोकांकडं बारका सोडायचो. मालकांनी विचारलं की बेस का कमी, तर सांगायचो, वायर खराब आहे."

मालक वायरीवरून त्याला किती वेळा ओरडले होते, ते मी स्वतः ऐकलं होतं. एकदा तर मीही त्यात माझी भर घातली होती. आणि हा माणूस माझी जागा राहावी म्हणून चार महिने गप्प उभा राहून दोघांचंही ऐकून घेत होता. मी त्याचा खांदा धरला आणि धरूनच राहिलो.

तेवढ्यात बाकीचे आले. आवाज बघायला सगळे जागेवर उभे राहिले. मी दोन्ही कानांत बुचं घातली, गिटार गळ्यात अडकवली. मालक माइकपाशी होते आणि माझ्याकडंच बघत होते.

साउंडवाल्यानं मिक्सरवरून विचारलं, "भाऊ, किती ठेवू?"

पंधरा वर्षांत या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं. या वेळी म्हणालो, "तुला बराबर वाटंल तेवढा ठेव."

त्यानं माझी पट्टी हळूहळू वर नेली. मालकांनी मान हलवली आणि गाणं धरलं. मी मान सरळ ठेवून वाजवत राहिलो.